डाव्या कानातला हिरा

शेवटच्या आजारपणात सासूबाईंनी कानातले हिऱ्याचे टॉप्स काढून दिले, तेव्हा आम्ही दोघी सुना त्यांच्या पलंगापाशी होतो. उशीवर कूस बदलली की कान दुखतो, अशी त्यांची तक्रार चालू होती. उजव्या कानातला टॉप त्यांनी माझ्या मोठ्या जावेच्या हातावर ठेवला आणि डाव्या कानातला माझ्या. "दोघी मले सारख्याच," एवढंच म्हणाल्या आणि पाणी मागितलं. पुढे महिनाभरात त्या गेल्या.

एका टॉपचं काय करायचं असतं? मी तो कपाटात हळदीकुंकवाच्या डबीत ठेवून दिला आणि विसरले. खरं तर त्या दिवसांत मला काहीच आठवून ठेवायचं नव्हतं. सासरे गेल्यापासून सासूबाई सौंसरला आमच्याकडेच होत्या. आधी शुगर, मग न्हाणीघरात पडून मोडलेलं खुब्याचं हाड, मग अंथरूण. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. सकाळी त्यांना पुसून काढायचं, कपडे बदलायचे, पेज भरवायची आणि धावत शाळा गाठायची. दुपारभर शेजारच्या काकू बसायच्या. माझे मिस्टर बिजली खात्यात; वादळवारा झाला की ते रात्र रात्र बाहेर. त्या गेल्यावर लोक म्हणाले, आता जरा मोकळी झाली. मोकळी झाल्यावर कळलं की अंगात काहीच शिल्लक नाही. रविवारी दुपारी झोपले की संध्याकाळी कोणीतरी उठवेपर्यंत जाग यायची नाही.

जाऊ पांढुर्ण्याला असते. दिरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बाई हौशी, बोलकी. सणासुदीला भरल्या हातानं यायची, सासूबाईंची वेणी घालून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून परत जायची. वाईट कधीच बोलली नाही. तिचा एके दिवशी फोन आला. दोघींनी आपापल्या टॉपला जोड बनवून घेऊ, पुढे सुना येतील तेव्हा दाखवायला काही पाहिजे, वगैरे. मी टाळत राहिले. पण पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमची सरकारी ऑफिसची कामं तिकडेच गेली आहेत, आणि माझं एक काम तिथं अडकलेलं होतं. तेव्हा एका शनिवारी डबी पर्समध्ये टाकली आणि बस धरली.

ऑफिसमधलं काम झालं नाही. साहेब मीटिंगला होते. तिथून जाऊ मला सराफाकडे घेऊन गेली.

सराफ त्यांच्या घरोब्यातले. हिऱ्यांचं सगळं त्यांची सून पाहते. नागपूरला राहून हिऱ्यांची पारख शिकून आलेली, चष्मा लावणारी, शांत मुलगी. जावेनं बसल्या बसल्या फर्मावलं, चांगल्यातला चांगला खडा दाखव. मुलगी हसली आणि म्हणाली, "काकू, चांगला कशाच्या जोडीला पाहिजे ते आधी पाहू द्या."

टॉपमध्ये बसवलेल्या खड्याचा दर्जा नीट सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतो, कडेचे दोष सोन्याखाली दडतात. खडे काढावे लागतील. जाऊ थोडी कचरली. आईंच्या कानातून निघाल्यावर टॉप्सना कोणी हात लावला नव्हता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. आतल्या कारागिरानं खडे काढले, धुतले. मागच्या बाजूला तेल, पावडर, साबण यांचा थर साचलेला निघाला. त्यातलं बरंचसं तेल मीच त्यांच्या डोक्यावर घातलेलं असणार.

तोवर ती मुलगी आम्हाला समजावत होती. एरवी मी समजावते आणि समोरची पोरं जांभया देतात. त्या दिवशी जांभया माझ्या होत्या. तरी बरंच डोक्यात शिरलं. हिऱ्याच्या चार गोष्टी पाहतात. वजन सगळ्यांना कळतं, म्हणून गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. रंगाला इंग्रजी अक्षरं आहेत, डीपासून सुरू होतात. डी म्हणजे अगदी पाण्यासारखा, आणि जसजसं अक्षर पुढे जातं तसतशी पिवळी झाक वाढत जाते. आत बारीक डाग, रेघा किती, त्यालाही दर्जे आहेत. भिंगातूनसुद्धा मुश्किलीनं दिसणाऱ्या डागांपासून नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या डागांपर्यंत. आणि चौथी गोष्ट पैलू. पैलू नीट पडले नसतील तर रंग कितीही पांढरा असो, खडा मेल्यासारखा दिसतो, म्हणाली. पैसे थोडे असतील तर पैलूत कमी करू नका. डागांत करा, जो डाग तुम्हाला भिंगाशिवाय दिसत नाही, तो समोरच्या बाईला तरी कुठून दिसणार? आणि पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी-ईच्या मागे लागायचं कारण नाही.

मग आमचे दोन्ही खडे आले. तिनं पांढऱ्या कागदाची घडी घालून नाली केली, तिच्यात खडे पालथे ठेवले, दिवा जवळ ओढला. उलट्या बाजूनं पाहिलं म्हणजे चमक आड येत नाही आणि रंग खरा कळतो.

मला काही शिकवायची गरज उरली नाही. एक खडा स्वच्छ होता. दुसऱ्यात फिक्या चहासारखी झाक होती.

तिनं भिंग लावून दोन्ही पाहिले, मग आम्हालाही दाखवले. पांढऱ्याच्या अगदी कडेला एक ठिपका होता, न सांगता सापडला नसता. पिवळ्याच्या मधोमध काळसर कण होता, एकदा दिसल्यावर भिंग नसतानाही दिसत राहणारा. "हे जोडीचे नाहीतच," ती म्हणाली. "एक जुना आहे, एक मागाहून बसवलेला."

पांढरा खडा जावेचा होता.

जाऊ सहज बोलून गेली. "हाव, डावा बदललेलाच आहे ना. लोधीखेड्याच्या एका लग्नात पडला होता त्यांचा. किती शोधला, सापडला नाही. मग मामंजींनी नागपूरहून दुसरा आणून बसवून दिला. मी नवीनच होती तेव्हा घरात."

"आईंना माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत कसं नाही? त्याच तर म्हणत, डावा हलका आहे म्हणून."

शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि ती थांबली. पदर सावरला, उगाच पर्स उघडून बंद केली. सराफाची सून कागदाची घडी नीट करत बसली.

मला राग आला असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. रागाला जोर लागतो. मला फक्त खुर्चीला पाठ टेकून बसावंसं वाटलं, आणि मी बसले. डोक्यात मात्र एकेक गोष्ट येत राहिली. रात्री तीनदा बदललेल्या चादरी. माझ्या हातची पेज थुंकून "मोठीच्या हातची चव वेगळी" म्हणणं. शेवटी शेवटी तर त्या मला जावेच्या नावानंच हाक मारत. मग वाटलं, त्या दिवशी मी पलंगाच्या डाव्या बाजूला होते, कारण औषधं तिकडच्या टेबलावर होती. ज्या बाजूला जी होती तिला त्या बाजूचा दिला असेल. हातात आणखी ताकदच कुठे होती? की ठरवून दिला? आता विचारायचं कोणाला? दिवसाला पन्नास उत्तरपत्रिका तपासणारी मी. पण या प्रश्नावर मला बरोबर-चूक काही करता येईना.

जाऊ हळूच म्हणाली, "आपण अदलाबदल करू. हा तू घे."

मी नको म्हटलं. मोठेपणा म्हणून नाही. घ्यायचं म्हटलं असतं तर पुन्हा बोलणं आलं, समजूत आली, कदाचित रडणंही आलं. मला ते काही पेललं नसतं.

सराफाच्या सुनेनं मग मूळ कामाला हात घातला. दुकानात असलेला एक खडा तिनं आमच्या खड्यांशेजारी ठेवून दाखवला. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा, रंगानं अगदी वरच्या दर्जाचा, आणि किमतीला त्यामानानं फारच हलका. जावेला तो पटकन आवडला. पण आमच्या जुन्या खड्यांजवळ तो कवळीतल्या दातासारखा वेगळा दिसत होता. दोन कानांत दोन रंग नको असतील तर जुन्याच्या दर्जाचाच शोधावा लागेल, सराफाची सून म्हणाली. वरचा घेतला तर पैसे जास्त जातील आणि जोडही बिघडेल. माझ्या खड्याला जोड मिळणं सोपं होतं. तसला पिवळसर खडा मुद्दाम कोणी मागत नाही. जावेच्या खड्याची जोड महाग पडणार होती. जावेनं थोडा विचार केला आणि रंग तोच पण डाग जरा जास्त असलेला, डोळ्याला मात्र साफ दिसणारा खडा मागवायला सांगितलं. पैलू चांगले पाहिजेत, हे तिनं दोनदा बजावलं. शिकवलेलं तिच्या नीट लक्षात राहिलं होतं.

नागपूरहून खडे येऊन टॉप्स तयार व्हायला काही आठवडे लागले. तोवर जावेचे फोन आले, पण हवापाण्याच्या गोष्टींवरच. मी पुन्हा पांढुर्ण्याला गेले त्या दिवशी ऑफिसचं काम एकदाचं झालं, आणि त्यानंही मला फारसं काही वाटलं नाही. टॉप्स पाहिले. माझे दोन्ही खडे पिवळ्या सोन्यात बसल्यावर एकमेकांत छान मिसळले होते. नव्या खड्याचे पैलू इतके चांगले होते की झाक शोधूनच काढावी लागत होती. जुन्यातला तो काळा कण मात्र जिथल्या तिथं होता.

जावेनं मला जेवायला घरी नेलं. दीर दुकानात होते. तिनं भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी वाढली, आणि ताटासमोर बसून राहिली. स्वतः जेवायला घेईना. मी म्हटलं, ताई, तुम्ही पण बसा. तेव्हा तिनं बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न पाहता.

"आईचं सगळं तूच केलं. मी नुसती येत राहिली. दरवेळी वाटे, आठ दिवस घेऊन जावं यांना आपल्याकडे, तुले झोप तरी भेटन. पण मले भ्या वाटे. त्यांचं ते अंग उचलणं मले होणार नाही म्हणून. हे मी कोणाले बोलली नाही."

इतकी वर्षं मी कोणीतरी हे म्हणावं अशी वाट पाहत होते, असं मला आधी कधी वाटलं नव्हतं. कदाचित पाहतही असेन. पण ऐकल्यावर अंगावरून काही ओझं उतरलं, असं झालं नाही. फार दमून आल्यावर कोणी पंखा लावून देतं, तेवढं झालं. तेही कमी नव्हतं. मी म्हटलं, "मलेही वाटे भ्या. रोज वाटे." मग आम्ही दोघी जेवलो. भाजीत तिखट जास्त झालं होतं, तरी मी दुसऱ्यांदा घेतली.

निघताना तिनं स्वतःच माझ्या कानांत नवे टॉप्स घातले. रोज घालत जा, म्हणाली, डबीत ठेवू नको. आरसा आणून दाखवला. आरशात हिरे बरे दिसत होते. डोळ्यांखालचं काळं त्याहून जास्त दिसत होतं.

छिंदवाड्याची बस मिळाली. खिडकीशी जागा होती, बाहेर संत्र्याचे बगीचे आणि वेचणीला आलेला कापूस. मोहगाव गेलेलं मला आठवतं, त्यापुढचं नाही. कंडक्टरनं हलवून जागं केलं तेव्हा सौंसर मागे पडलं होतं आणि बस रामाकोन्याला उभी होती. "मॅडम, आपको तो सौंसर उतरना था ना?" तो म्हणाला. मी उतरले. मिस्टरांना फोन केला. ते ड्यूटीवरून नुकतेच आले होते. येतो म्हणाले.

स्टँडवरच्या टपरीवर मी चहा घेतला. बाजूला दोन बाया बसची वाट पाहत बसल्या होत्या. त्यातली एक माझ्या कानांकडे पाहत होती. खरे आहेत का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. चांगले आहेत, म्हणाली, आणि मग तिनं शेंगांची पुडी माझ्यापुढे केली.

मिस्टर आले तेव्हा दिवे लागायला आले होते. त्यांच्या सदऱ्यावर खांबाचा गंज लागलेला होता, डोळे लाल होते. झाले का टॉप्स, त्यांनी विचारलं. झाले, मी म्हटलं. त्यांनी वाकून एका कानात पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या कानात. दिसत काही नसणार. बरे झाले, म्हणाले, आणि स्कूटर वळवली.

"पुन्हा झोपू नको," ते म्हणाले. "पडशील."

मी मागे बसले, त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं आणि डोळे उघडे ठेवले.