मोरीत बसवलेला लेथ

लोखंड हातात घेतलं की त्याचा स्वभाव मला कळतो, असं मी चारचौघांत सांगायचो. पंधरा वर्षं टर्नरची नोकरी केलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो. ऐंशीच्या दशकात कारखाने आपली जुनी यंत्रं भंगारात काढत होते. साकीनाक्याला एका भंगारवाल्याच्या आवारात लोखंड कातायचा एक गंजलेला लेथ दिसला, तेव्हा मी त्याच्या बेडवरून, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावरून, बोट फिरवलं आणि म्हटलं, "हा जिवंत आहे." भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच भाव वाढवला.

बोरीवलीत आमचं घर तळमजल्यावर, मागे पत्र्याच्या छपराची पडवी. तिथे बायको कपडे धुवायची. कोपऱ्यात मोरी, खाली शहाबादी फरशी. सहा हमालांनी स्वयंपाकघराचं दार चौकटीसकट काढून लेथ तिथे नेला. महिनाभर मी रॉकेलने गंज घासत होतो. मूळची मोटर घरच्या विजेवर चालणारी नव्हती, म्हणून पिठाच्या गिरणीतून निघालेली जुनी मोटर बसवली. लेथचे पाय मोठ्या बोल्टांनी फरशीत असे आवळले, की भूकंप आला तर बिल्डिंग हलेल, लेथ नाही.

बटण दाबल्यावर तिसऱ्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. आम्ही एकाच वयाचे.

"अरे, माझ्या कपाटातल्या बश्या नाचतायत. सोमवारी हे धूड हलव."

"हलव काय? सहा माणसं लागली आणायला."

"मग सहा माणसं बोलव."

लेथ वाचला तो सोसायटीच्या पंपामुळे. शनिवारी पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, झिजून बेअरिंग खुळखुळायला लागलं आणि वरच्या टाकीत पाणी चढेना. नवा शाफ्ट मिळायला आठवडा लागणार होता. मी सेक्रेटरींना गाठलं. "उद्या संध्याकाळपर्यंत शाफ्ट करून देतो. पाणी चढलं तर लेथ राहणार."

"आणि नाही चढलं तर?"

"सोमवारी हमाल मीच बोलावतो."

रविवारी सकाळी पहिला शाफ्ट कातला. मापून पाहिला, तर एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर जाड. बेअरिंग एकीकडून जाईना, दुसरीकडून डुगडुगे. मी लेथच्या कापणाऱ्या हत्याराला शिव्या दिल्या, नवी धार लावली. दुसरा शाफ्ट, तोच केसभर फरक. मग भंगारवाल्याला शिव्या दिल्या. दुपार झाली. आता पोलादाचा एकच तुकडा शिल्लक होता.

बायको पोतेरं घेऊन आली. कातताना हत्यार गार ठेवायला सोडायचं ते दुधासारखं पाणी फरशीवर सांडलं होतं.

"अहो, हे पाणी दर वेळी मशीनच्या या पायाखालूनच कसं जातं?"

"पाणी आहे ते, कुठूनही जाईल."

"कुठूनही कसं जाईल?" राग आला की ती मालवणीवर यायची. "तुमचे डोळे खंय असत? ढाळ दिसना नाय? गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून कोणी करून घेतला? थेंब थांबता नये म्हणून?"

मीच. कोपऱ्यातल्या मोरीकडे सगळीकडून उतरणारा, सुरेख ढाळ. त्या वाकड्या फरशीवर मी सरळ लेथ ठेवला, आणि पाय टेकत नव्हता तिथे बोल्ट आवळून टेकवला. बिचाऱ्याचा सगळा बेड पिळला गेला होता. पिळलेल्या बेडवर सरळ शाफ्ट निघणार कसा? कारखान्यात यंत्र बसवायला वेगळी माणसं असायची. पंधरा वर्षं मी फक्त बसवलेल्या यंत्रासमोर येऊन उभा राहिलो होतो.

बोल्ट ढिले केले. ओढून टेकवलेला पाय फरशीपासून सूतभर वर उचलला गेला, जणू मोकळा श्वास घेतला. शेजारच्या गवंड्याकडून पाणसळ आणली, तिच्यावर पातळी बघत पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारल्या. एका बिघडलेल्या शाफ्टवर पुन्हा कातून पाहिलं, पट्टी बदलली, पुन्हा कातलं. दोन्ही टोकं सारखी यायला चार वाजले. मग शेवटचा तुकडा लावला. बायको पोतेरं हातात धरून तशीच उभी होती. माप घेतलं, सारखं.

सहाच्या आत पंप सुरू झाला. वरून सेक्रेटरींचा आवाज आला, "पाणी आलं रे."

"लेथ राहिला ना?"

"राहिला. दुपारी दोन ते चार मात्र बंद."

या वाटाघाटीत पंप बंद करायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. टाकी भरून वाहू लागली आणि तो धबधबा थेट आमच्या पडवीच्या पत्र्यावर, पत्र्याच्या भोकांतून लेथवर. जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक ओढून मी लेथवर आडवा पडलो. बायको पंप बंद करायला धावली. ती परत आली तेव्हा मी नखशिखांत भिजलेला, लेथ बऱ्यापैकी कोरडा आणि फरशीवर पाण्याचा थेंब नाही.

"ढाळ मात्र झकास केलाय हो तुम्ही," ती म्हणाली, आणि पोतेरं दांडीवर वाळत टाकलं.