उघड्या मानेच्या दोन कोंबड्या आणि गगनबावडा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून निघाले तेव्हा माझ्या खांद्याला दोनशे पत्रकांची पिशवी होती आणि हातात डालगं (कोंबड्या ठेवायची विणलेली टोपली). डालग्यात दोन जिवंत कोंबड्या. पत्रकाचा मथळा मीच लिहिला होता : 'एकच जात अख्ख्या जिल्ह्याला? जाब विचारा!' मी उद्गारचिन्हं तीन दिली होती, छापखान्यानं दोन खाल्ली.

आधी रागाचं कारण सांगते. गगनबावड्याजवळच्या एका वाडीत बायकांच्या गटाला मागच्या पावसाळ्यात कुठल्याशा योजनेतून पांढरी, झटपट वाढणारी पिल्लं वाटली गेली. तिथं आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. पिल्लं भिजली, गारठली, एकेक करत सगळी गेली. वाटप करणाऱ्यांनी काढलेले फोटो मात्र सुखरूप आहेत. गटप्रमुख अनुसयाबाईंचं खुराडं तेव्हापासून रिकामं. आता त्यांचा नवरा म्हणत होता, "पावसाच्या आत कोंबड्या आल्या तर ठीक, न्हायतर खुराडं मोडून मी तितं गाडी लावणार." बाईंचा मला फोन आला, "कंची कोंबडी हितं जगंल, तेवढं सांग बाई." मी म्हटलं, नुसतं सांगत नाही, घेऊनच येते.

मला उत्तर ठाऊक होतं ना! एप्रिलात हुपरीला गेले होते. तिथं सुमनअक्कांच्या घरात चांदीच्या पैंजणांचं काम चालतं आणि भट्टीच्या मागच्या परसात उघड्या मानेच्या कोंबड्या हिंडतात. ऊन असं की शेजारच्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकत होत्या, आणि या खुशाल उकिरडा उकरत होत्या. "मान मोकळी, अंगावर पिसं कमी. वारं लागतंय की त्यास्नी," अक्का म्हणाल्या. पत्रकाचं चौथं कलम मला तिथंच सुचलं : 'जिल्ह्यातील प्रत्येक घराने उघड्या मानेची गावठी कोंबडीच पाळावी.' आता त्याच अक्कांकडून दोन कोंबड्या मागून आणल्या होत्या.

रंकाळा स्टँडवर गगनबावड्याच्या गाडीत चढले. कंडक्टरनं डालग्यात डोकावून पाहिलं.

"ओ ताई, ह्यास्नी अर्धं सोलून आणलंय व्हय?"

"जातच तशी आहे. उन्हात टिकते."

"मग ऊन सोडून कुठं निघालायसा?"

मी त्याला एक पत्रक दिलं. त्यानं ते घडी घालून खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत बसवलं. खडखड थांबली. चळवळीचा एवढा तातडीचा उपयोग मी आधी पाहिला नव्हता.

साळवणपर्यंत उसाची संगत होती. मग रस्ता चढायला लागला, भाताची खाचरं आली, वारं बदललं. मी खिडकी लावून घेतली. गगनबावड्यात उतरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि समोरचं हॉटेल धुक्यात अर्धंच दिसत होतं. कोल्हापुरात लोक घामानं वैतागले होते, इथं चहावाला कानटोपी घालून बसला होता. डालग्यातल्या दोघी एकमेकींना चिकटल्या. ही धोक्याची सूचना होती. मी ती प्रवासाचा शीण समजले.

वाडीवर बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर बायका जमल्या होत्या. मी पत्रकं वाटली आणि योजनेवर दहा मिनिटं तोफ डागली. बायकांनी माना डोलावल्या. मग मी डालगं उघडलं.

तसा जो हशा उठला, तो दरीपलीकडे गेला असेल.

"अगं, हिचा मफलर कुठं ऱ्हायला?"

"पावसात हिला माझं पोलकं घालू काय?"

अनुसयाबाई हसल्या नाहीत. पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या बाई. त्या घरात गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. एका कोंबडीला काखेत धरून त्यांनी तिच्या पाठीवर पाण्याची बारीक धार सोडली. पाणी सरळ आत मुरलं. कोंबडी पिसं फुलवून थरथरायला लागली. मग अंगणात आलेली शेजारची तपकिरी कोंबडी त्यांनी तशीच धरली, तशीच धार सोडली. पाणी पाठीवरून घरंगळून खाली आलं. कोंबडीनं एकदा अंग झाडलं, बाईंकडे रागानं पाहिलं आणि निघून गेली.

"आमच्यात कोंबडी अशीच बघून घेत्यात," बाई म्हणाल्या. "गेल्या साली पिल्लांवर बी वतनार हुतो, तर सायेब म्हनाले, जनावराचे हाल करू नका."

त्यांनी भिजलेल्या कोंबडीला पदरात गुंडाळलं, चुलीजवळ नेऊन ठेवलं आणि माझं पत्रक हातात घेतलं. चौथं कलम मोठ्यानं वाचलं. मग मथळा वाचला. मग पुन्हा चौथं कलम.

"वर म्हंतीस एकच जात समद्यांला कशी चालंल. खाली म्हंतीस समद्यांनी हीच पाळा. त्यो सायेब आन् तू, दोगं एकाच शाळंत हुता व्हय?"

मी आजवर पुष्कळांना जाब विचारला आहे. मला कुणी विचारला की कान किती तापतात, ते त्या थंडीत समजलं. "चुकलं," एवढंच म्हणाले.

"चुकलं तर चुकलं. जेव आधी."

नाचणीची भाकरी, फणसाची भाजी, खर्डा. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आणलं, ते एका अर्थी सोयीचंच झालं. जेवताना बाईंना कोंबडी कशी हवी ते नीट ऐकून घेतलं. हे मी फोनवरच विचारायला हवं होतं. पिसं दाट आणि अंगाबरोबर बसलेली. तुरा बारका, म्हणजे गारठ्यात काळा पडत नाही. रंग मातीचा, कारण पांढरी कोंबडी घारीला लांबून दिसते. आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं नकोतच; तलंगा (अंड्यावर यायला आलेल्या कोवळ्या कोंबड्या) हव्यात.

"अशा कुणाकडं आहेत?"

"पल्याडच्या वाडीत कासमचाच्याकडं. पर मागं गट काडला तवा आमी योजनेची घेनार म्हनून त्याला न्हाय म्हटलंतं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"माझं तोंड आज तसंही पडलेलंच आहे," मी म्हणाले. "चला."

चुलीजवळ वाळलेली कोंबडी पुन्हा डालग्यात घातली आणि करवंदीच्या जाळ्यांतून पाऊण तास चाललो. करवंदं खाऊन माझी बोटं काळी झाली आणि एकदा घसरून मी चांगली आपटले. कासमचाचा बांबू तासत बसले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डालग्याकडे.

"बेटा, ह्या आजारी हायत काय?"

"नाही चाचा. चुकीच्या गावाला आल्यात."

चाचा खो खो हसले आणि अर्धं काम तिथंच झालं. उरलेलं अर्धं अनुसयाबाईंनी केलं. "चाचा, मागं चुकलं आमचं. पाच तलंगा वाट्यानं द्या."

वाट्यानं देणं ही इथली रीत. कोंबडी नेणाऱ्यानं पाळायची, पहिल्या रवणाची (अंडी उबवायला कोंबडी बसवण्याची) पिल्लं निम्मी मालकाला द्यायची. पिल्लांचे दोन ढीग तिसऱ्याच माणसानं करायचे, आणि पहिला ढीग मालकानं उचलायचा. कागद नाही, सही नाही, फोटोही नाही.

बाईंनी तांब्या मागून घेतला. सात तलंगांवर धार सोडली, दोन नापास केल्या. चाचांना राग आला नाही. उलट म्हणाले, "ती ठिपक्याची घे. मागच्या पावसात ती पडवीत ऱ्हायलीच न्हाय, छपराच्या आड्यावर जाऊन बसायची."

संध्याकाळी खुराड्यात पाच कोंबड्या शिरल्या. बाईंचा नवरा गाडीला टेकून बघत होता. "म्हंजे गाडी भिजनार तर," तो म्हणाला. बाईंनी त्याच्या हातात प्लास्टिकचा कागद दिला.

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर भेटला. "काय वो, गगनबावड्यानं नापास केलं?"

"मला केलं. कोंबड्या हुपरीत पासच आहेत."

उरलेल्या पत्रकांतलं चौथं कलम मी बसमध्ये पेनानं खोडत आले. त्याखाली लिहिलं, 'आधी आपला पाऊस, आपलं ऊन बघा. मग कोंबडी निवडा.' उतारावरच्या वळणांमुळे निम्म्या पत्रकांवर अक्षर वाकडं आलं. ती पत्रकं मी तशीच वाटते आहे. योजनेवरचा राग शाबूत आहे, फक्त आता मी बोलायच्या आधी विचारते. दोन्ही कोंबड्या अक्कांच्या परसात सोडल्या, तर घरातून बाहेरच न गेल्यासारख्या उकिरड्याकडे धावल्या.

पाऊस सरल्यावर अनुसयाबाईंचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत आवाज आला, "पाची हायत!" मागून नवऱ्याचा आवाज, गाडीची सीट फाटली म्हणून. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"दिवाळी झाली की रवण बसवनार. पिल्लांचे ढीग करायला तिसरं मानूस लागतंय. चाचा म्हनला, त्या चुकलेल्या पोरीला बोलवा. येतीस न्हवं?"

येणार आहे. पत्रकं न घेता.