मास्तरांच्या गालाची हाडं

लेकीने फोटो पाठवताना मास्तरांना विचारलं नाही, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते मोटार चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाशी जास्तीचा ब्रेक, काचेवर आपल्यापुरता जास्तीचा आरसा आणि तोंडाने दिवसभर एकच जप, "क्लच हळू सोडा. हळू. अहो, हळू म्हणजे हळू." समोरून ट्रक अंगावर आला तरी मास्तरांचा आवाज चढत नसे. लोकांना वाटायचं, काय शांत माणूस! घरात मात्र अवेळी बेल वाजली तरी ते दचकून उभे राहायचे. बायको गेल्यापासून हे वाढलं होतं. त्यात मागच्या हिवाळ्यात छातीत कळ आली, दवाखान्यात नेऊन स्टेंट बसवला, आणि औषधांचा एक डबाच मास्तरांच्या मागे लागला.

वरच्या मजल्यावर लेक, जावई आणि नातू राहायचे. नातू पोहायला जायचा. तिथे शिकवणाऱ्या एक बाई होत्या, मास्तरांहून थोड्या लहान, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. नातू त्यांना 'पाण्यातल्या बाई' म्हणायचा. लेकीची आणि त्यांची ओळख झाली, ओळखीच्या गप्पा झाल्या, आणि लेकीच्या डोक्यात आलं, की यांची आणि बाबांची गाठ घालून द्यावी.

"बाबा, नुसतं भेटायचं. चहा प्यायचा. नाही पटलं तर सोडून द्यायचं."

"या वयात मी काय चहा पिणार!"

"रोज चार वेळा पिता की."

मास्तर बरेच दिवस नाही-नाही म्हणाले आणि एकदा जेवताना, मान खाली घालून, "बरं" म्हणाले. तेव्हा लेकीने सांगितलं, की फोटो आधीच गेलाय, बाईंना हरकत नाही, पुढच्या रविवारी भेटायचं ठरलंय.

"कुठला फोटो?"

तिने मोबाइल पुढे केला. मास्तर बघतच राहिले. पाच-सहा वर्षांपूर्वीचा. अंगाने सडसडीत, हनुवटी टोकदार, गालाची हाडं अशी वर आलेली की त्यावर ऊन पडलेलं दिसत होतं. हसत होते.

"हा मी आहे?"

"मग कोण?"

"होतो, म्हण."

"काहीतरीच! छान दिसता त्यात," असं म्हणून लेक भांडी उचलायला लागली.

त्या दिवसापासून मास्तरांचं चित्त थाऱ्यावर राहिना. एकट्याचं वेळी-अवेळी खाणं, नंतर आजारपण, बसून राहणं. चेहरा भरला होता आणि भरून खाली उतरला होता. गाल आता हनुवटीच्या दोन्ही बाजूंना पिशव्यांसारखे लोंबत. गाडीतला आरसा मागचा रस्ता दाखवायचा सोडून तेवढंच दाखवू लागला. त्या बाई चहाच्या दुकानात येतील, दारात उभ्या राहतील, आपल्यावरून नजर फिरवून पुढच्या टेबलाकडे बघतील, असं त्यांना दिवसाढवळ्या दिसायचं. मग आपण हात वर करायचा. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटेल, ते बघायचं.

त्यांच्याकडे गाडी शिकायला येणारी एक मुलगी पार्लरमध्ये काम करायची. लाल दिवा लागला की ती स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांच्या पेरांनी स्वतःचे गाल वर-वर घासत बसायची.

"हे काय चाललंय? हात जागेवर ठेव."

"सवय लागलीय, मास्तर. याने गालाची हाडं वर येतात. आमच्याकडे यासाठी रांग लागते बायकांची."

"हाडं कशी वर येतील? ती काय दाराची कडी आहे?"

"विश्वास नाही ना बसत? थांबा." तिने गाडी बाजूला घेतल्यावर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस आपल्या एका गालाकडे बोट दाखवत होता, मग दुसऱ्याकडे. आधीचा चेहरा, नंतरचा चेहरा. मास्तर "हं" म्हणाले आणि क्लचकडे वळले. पण उतरताना, बूट झटकल्यासारखं करत, त्यांनी हळूच विचारलं, "ते काय नावाने शोधायचं?"

मग मास्तर न्हाणीघराची कडी लावून बसू लागले. गालाला तेल, मुठी वळलेल्या, पेरं नाकपुडीपासून कानापर्यंत. 'दुखलं तरी थांबू नका, दुखतंय म्हणजे काम होतंय,' असं तो व्हिडिओतला माणूस सांगायचा. मास्तर आयुष्यभर लोकांना हळू म्हणत आले होते, पण इथे त्यांनी काचेवरचा चिखल खरवडावा तसा जोर लावला. पहिल्या दोन दिवसांत त्यांना खरंच वाटलं, की डाव्या गालावर काहीतरी सावलीसारखं दिसतंय. त्यांनी दिवा बदलून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. उमेद आली. जोर वाढला.

शुक्रवारी सकाळी दाढीला उभे राहिले आणि हातातला ब्रश तसाच राहिला. दोन्ही गालांवर, हाडाच्या बरोबर खाली, निळे-जांभळे डाग. तळहाताएवढे. धुऊन जाईनात, दाबले की ठणकत.

नुसत्या बोटांनी असं कसं होईल? लहान मुलंसुद्धा याहून जोरात गाल ओढतात. म्हणजे आतच काहीतरी बिघडलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या ते रोज घ्यायचे, पण दात घासावेत तशा घ्यायचे. त्या कशासाठी आहेत हे डॉक्टरांनी सांगितलेलं केव्हाच कानावरून गेलं होतं. त्यांनी धुळीचं निमित्त करून तोंडाला मास्क बांधला आणि कामाला गेले. पाणी प्यायला मास्क उतरवला तेवढ्यात शेजारी गाडी शिकायला बसलेल्या एका कॅशियरने पाहिलंच.

"मास्तर, कोणी हात उचलला का तुमच्यावर?"

"छे हो. दाराला लागलं."

"दोन्हीकडे?"

मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी उभीच होती.

संध्याकाळी लेक खाली आली. घरात बसून मास्क कशाला, म्हणून तिने तो ओढला. "बाबा! हे काय? पडलात का? चक्कर आली का?" मास्तर नाही म्हणाले. कोणी मारलं का? नाही. मग? मास्तरांना सांगता येईना. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला, आणि त्यावर आपण सांगायचं काय, तर मी सुंदर दिसायला बघत होतो? "काय माहीत. आपोआप आलंय," ते म्हणाले. हे खोटं तोंडातून सुटलं आणि मग पुढचं काही त्यांच्या हातात राहिलं नाही. जावई दोन-दोन पायऱ्या उतरत आले. गाडी काढली. अर्ध्या तासात मास्तर दवाखान्यात.

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. डाग बघितले, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं. "कुठे मार? काहीच नाही?"

"काहीच नाही," मास्तर म्हणाले.

"मग रक्त तपासावं लागेल. आणि या गोळ्यांतली एक थांबवायची का, ते ठरवावं लागेल." डॉक्टर लेकीकडे वळले. "घोडं तिथेच अडतंय. स्टेंटला अजून वर्ष झालेलं नाही. गोळी थांबवली तर आत गुठळी होऊ शकते, परत झटका. चालू ठेवली आणि रक्तस्राव दुसरीकडे कुठे झाला, डोक्यात वगैरे, तर तेही भलतंच. बाहेर बसा जरा. मी वरिष्ठांशी बोलतो."

बाहेर बाकावर बसले. मास्तरांच्या दंडाला कापूस चिकटवलेला. जावई फोनवर कोणाशी तरी हळू बोलत होते. लेक मोबाइलवर काहीतरी वाचत होती, आणि वाचता वाचता तिने दुसऱ्या हाताने पर्सचा पट्टा इतका आवळला होता की बोटं लाल झाली होती. मास्तरांनी तिरक्या नजरेने पडदा पाहिला. रक्ताच्या आजारांची नावं होती. एक वाचून झालं की ती पुढचं उघडत होती.

गोळी थांबवतील. आपल्या तोंडाला कुलूप म्हणून गोळी थांबवतील. आणि ही पोर इथे बसून आपल्याला मनातल्या मनात मारून मोकळी होतेय. ते उठले. दार ढकललं. आत दुसरा पेशंट होता, नर्स "थांबा, थांबा" म्हणत मागे आली, तिच्यामागे लेक. मास्तर उंबऱ्यावरच बोलून गेले.

"डॉक्टर, मी गाल चोळत होतो."

"काय करत होतात?"

"गाल. हाडं वर यावीत म्हणून."

कोणीच हसलं नाही, आणि ते मास्तरांना हसण्यापेक्षा जड गेलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती जोरात? इथे दाखवा." त्यांनी आपला हात पुढे केला. मास्तरांनी मूठ वळली आणि पेरं त्या हातावरून दाबत नेली.

"अहो!" डॉक्टरांनी हात मागे घेतला. मग खुर्चीला टेकले आणि लांब श्वास सोडला. "या गोळ्यांवर असताना एवढ्याने डाग पडणारच. हाडं असतात तिथेच राहतात, मास्तर. चोळून फार तर घटकाभर सूज उतरते. रिपोर्ट येऊ दे, पण घाबरण्यासारखं दिसत नाही. गोळी चालू. गाल बंद."

जिन्यात आल्यावर लेक थांबली. ती आता हसेल, असं मास्तरांना वाटलं. ती भडकली.

"मी तिथे बसून काय काय विचार केला, कळतंय का तुम्हाला? एक शब्द! एक शब्द बोलायचा होता!"

"तू तो जुना फोटो कशाला पाठवलास? मी त्या माणसाला कुठून आणू?"

जावई दोन पायऱ्या खाली जाऊन उगाच किल्ल्या शोधू लागले.

"त्यानंतरचा तुमचा हसतानाचा एकही फोटो नाही, बाबा. सगळे शोधले. त्यात शेजारी आई होती. मी तिला कापलं आणि पाठवला. कापताना मलाच कसंतरी झालं."

मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. फोटोत डाव्या खांद्यावर कपड्याची एक सुरकुती होती. आता त्यांना कळलं, की तिथे बायकोच्या बोटांनी कापड धरलेलं होतं. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तशीच उभी राहिली. येणारेजाणारे बाजूने वाट काढत होते.

लेक म्हणाली, भेट पुढे ढकलू. मास्तर म्हणाले, मी बोलतो. शनिवारी, शिकवणी चालू असतानाच, गाडी झाडाखाली उभी करून त्यांनी फोन लावला. शेजारी पार्लरची मुलगी स्टिअरिंग धरून बसलेली. पलीकडून पाण्याचा आणि पोरांचा नुसता गलका.

"मी... तो फोटोतला. म्हणजे आता फोटोतला नाही."

"काय? मोठ्याने बोला, काही ऐकू येत नाही!"

"माझे गाल निळे झालेत!" मास्तर ओरडले. शेजारच्या मुलीने मान वळवली.

"कशाने?"

"चोळून! फोटोसारखे व्हावेत म्हणून!"

पलीकडे क्षणभर नुसतं पाणी ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, "या तरी. बघू किती निळे झालेत ते," आणि कोणावर तरी शिट्टी फुंकत त्यांनी फोन ठेवला.

रविवारी मास्तर चहाच्या दुकानात गेले. डाग कडेने पिवळे पडायला लागले होते. बाई उंच होत्या, केस ओलसर, बोलणं मैदानावरचं. त्यांनी दारातून थेट मास्तरांच्या टेबलाकडे पाहिलं, येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दुखतात का?" आसपासची टेबलं वळली. चहा झाला. उठताना बाई म्हणाल्या, "लगेच काही सांगता यायचं नाही मला. एकटीची सवय झालीय."

"मलाही," मास्तर म्हणाले.

रिपोर्ट चांगला आला. बाईंचा फोन आला नाही. आठवडे गेले. गाल पूर्वीसारखे झाले, लोंबते, पण स्वच्छ. फोन वाजला की मास्तर दचकायचे, बँकेचा निघाला की खट्टू व्हायचे, आणि आपण खट्टू झालो याची त्यांना वेगळी धास्ती वाटायची. लेक विचारायची नाही, नुसती बघायची.

एका दुपारी फोन आला. "माझा फ्रिज बंद पडलाय," बाई म्हणाल्या. "नवा घ्यायचाय. एकटीने दुकानात जायचा कंटाळा आलाय. येता का?"

दुकानात फ्रिजच्या रांगाच्या रांगा. बाई एकेकाचं दार उघडून आत डोकं घालत होत्या. मास्तर मागे मागे, प्रत्येक वेळी "बरा वाटतो" म्हणत आणि आपलं मत चुकलं तर, या भीतीने लगेच "तसा तोही बरा होता" म्हणत. दुकानदार पुढे आला.

"घरात माणसं किती, त्यावर साइझ ठरते. किती माणसं?"

मास्तर जमिनीच्या फरश्या बघू लागले. बाईंनी हातातलं दार लावलं, उघडलं, परत लावलं.

"सध्या एक," त्या म्हणाल्या, नेहमीपेक्षा बऱ्याच हळू.

दुकानदाराला त्यातलं काही कळलं नाही. त्याने आधी लहान दाखवला, मग मोठा. बाई दोन्हींकडे बघून झाल्यावर मास्तरांकडे वळल्या.

"मधला आहे का एखादा?" मास्तरांनी विचारलं.

होता. मधलाच घेतला.