पालीच्या पायाचा हात

टेलरमास्तरांना अडाणी माणसांचा कधी राग आला नाही. शिकलेल्या अडाण्यांचा मात्र मनापासून यायचा. आणि ज्या प्रयोगशाळेनं त्यांना हात दिला, तिथं तसल्यांचा नुसता सुकाळ होता.

डावा पंजा लिफ्टच्या दारात गेल्यापासून मास्तर वर्षभर स्वतःच्याच दुकानात स्टुलावर बसून होते. बेतायच्या टेबलाशी जावई उभा राहायचा आणि चांगल्या चांगल्या कापडांची वाट लावायचा. मास्तरांना ते टेबल परत हवं होतं. बाकी काही नको होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी बनवलेला हात पालीच्या पायावरून घेतलेला. तळव्याला, बोटांना अशी बारीक लव, की काचही निसटू नये. त्यासाठी साहेबांनी म्हणे सात वर्षं पाली न्याहाळल्या. शिंपी एकदाही नाही.

"अंडं उचला," प्रयोगशाळेत जमलेल्या पाहुण्यांसमोर साहेब म्हणाले. मास्तरांनी उचललं. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

"अंडं मी उजव्या हातानंही उचलतो," मास्तर म्हणाले. "बेतताना डाव्या हातानं कापड पकडत नाहीत, साहेब, नुसतं दाबून ठेवतात. हा टेकवला की बोटं मिटतात आणि कापड गोळा होतं. बोटं काढून द्या."

साहेब हसले. "अहो, बोटांनाच तर बक्षीस मिळालंय!"

मास्तर तडक दुकानात आले, शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक बोट उतरवायला लागले.

"अहो, दिलेली वस्तू मोडताय?" बायको ओरडली.

"मोडत नाही. अल्टर करतोय."

उरलेला तळवा त्यांनी कापडावर टेकवला. कापड तसूभरही हललं नाही. कात्री खांद्यापासून घेरापर्यंत एका दमात गेली. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ते जावयावर खेकसले, "बघताय काय? स्टूल रिकामं आहे, बसा!"

महिन्याभरानं प्रयोगशाळेतून दोघे जण आले. प्रदर्शनात मांडायला हात परत हवा होता. मास्तरांनी बटणांचा डबा उघडला आणि बोटं समोर ठेवली. दोघांनी ती मोजली. पाच भरली. त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी हात परत केल्याचा कागद सहीसाठी पुढे केला.

पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता. मास्तरांनी तो त्यांच्या डोळ्यांदेखत डाव्या तळव्यानं दाबून धरला आणि उजव्या हातानं सही ठोकली.