अहो म्हणून मारणाऱ्या वाघमारे बाई

वाघमारे बाई माणसाला ‘अहो’ म्हणून मारायच्या. “अहो, हात पुढे करा,” म्हणायच्या आणि पुढे आलेल्या हातावर लोखंडी पट्टी सणकन बसायची. पुण्यात आदराने अपमान करायची पद्धत जुनीच आहे. आदराने हाणायची पद्धत मात्र मी हडपसरच्या त्या कारखान्यातच पाहिली.

तिथे ट्रायसोडियम फॉस्फेट नावाची पांढरी पावडर पोत्यांत भरली जाई. पत्र्याला रंग देण्याआधी त्यावरचं तेल-ग्रीस उतरवायला ती लागते. उदारीकरणाचे दिवस होते. मोटारींचे नवे कारखाने रोज नवी पोती मागत आणि आमचे मालक रोज नवा टाय घालत. वाघमारे बाई एम.एस्सी., कारखान्याच्या केमिस्ट. सुरक्षेचं खातंही त्यांच्याकडेच, म्हणजे मारामारीचं. आणि मी नारायण पेठेतल्या लेल्यांची सून, पोत्यांवर लेबलं लावून माल रवाना करणारी. बी.कॉम. दुसऱ्या वर्गात, पण तोरा कुलगुरूंचा. नाक सरळ, अक्कल वाकडी. त्या वेळची मी आज समोर आले, तर मीच तिला दोन ठेवून देईन.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझं बोट पिरगाळून साखरपुड्याची अंगठी काढली. मी किंचाळले. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो लेले, अंगठीखाली पावडर बसते. घाम लागला की कातडी खाते. मग बोट कापून काढायची का अंगठी?” मी घरी जाऊन अशी रडले की सासूबाईंना वाटलं, नोकरीच गेली.

शंकर हा पोती भरणारा गडी, उरुळीकडून सायकलने यायचा. भरणीच्या खोलीत त्याने तंबाखू मळायला घेतली, की बाई कुठूनशा प्रकट व्हायच्या आणि तळहातावर असा तडाखा द्यायच्या की तंबाखू छताला.

“बाई, तंबाकू हाय नुसती!”

“अहो शंकरराव, तंबाखू हाय, पण हात कशातला हाय? सकाळपासून फॉस्फेटात बुडालाय तो. आतडी भाजायचीच असतील तर चमचा देते, सरळ पोत्यातून खा.”

कोरडा झाडू दिसला की बाई तो गुडघ्यावर मोडत. “उडवायची नाही, उचलायची!” सांडलेली पावडर आधी सुपडीने भरून घ्यायची, पाणी मागाहून. ओल्या फरशीवर ती साबणाहून निसरडी होते. त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे: “ही देखणी आहे म्हणून घातकी आहे. काळी असती तर तुम्ही आपणहून लांब उभे राहिला असतात.” खोलीच्या दाराशी नळाला लांब रबरी नळी जोडून ठेवलेली असे. तिला कुणी हात लावला तर त्याची खैर नसे. आम्ही त्या नळाला ‘वाघमारे घाट’ म्हणायचो आणि फिदीफिदी हसायचो. सगळ्यांत मोठ्याने मी.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांची पूजा. नेमके परदेशी पाहुणे यायचे होते, म्हणून मालकांचा जीव टायपाशी आलेला. भरणीच्या यंत्रापुढे रांगोळी काढायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी सत्यनारायणाला काढायची ती मोराची रांगोळी काढायला बसले आणि मोराची मान झाली तोच रांगोळी संपली. शेजारी एक पोतं कोपऱ्याला फाटलेलं. आत पांढरीशुभ्र, बारीक, कोरडी... काय सांगू, चिमटीतून अशी सुळसुळीत सुटत होती की मी मनात म्हटलं, एवढी चांगली रांगोळी तुळशीबागेतसुद्धा मिळत नाही! वाटीभर घेतली आणि पिसारा फुलवला. फरशी नुकती पुसलेली, ओलसर. बोटं चुरचुरायला लागली. मला वाटलं, सकाळच्या ठेच्याची मिरची असेल. एवढी मी हुशार.

शंकरने नारळ फोडला. कोहळ्यावर कोयता बसला, गुलालाचं लाल पाणी उडालं. पाहुण्यांना उकडतंय म्हणून मालक ओरडले, “अरे, पंखा लावा!” कोपऱ्यातला तो अजस्र पंखा सुरू झाला आणि माझा मोर उडाला. सरळ माझ्या उजव्या डोळ्यात.

तापलेला खिळा डोळ्यात फिरवावा तसं झालं. मी ओरडत गुडघ्यांवर कोसळले. कुणीतरी म्हणालं, “तूप घाला, तूप! चुना गेला की तूपच घालतात!” समोर निरांजन होतंच, शेजारी तुपाची वाटी. आणि मी, बी.कॉम., स्वतःच्या हाताने पापणी वर करून तुपाची वाट बघत बसले.

तूप पोचलंच नाही. वाघमारे बाई प्रयोगशाळेतून धावत आल्या. त्यांच्या लाथेने वाटी उडाली, निरांजन उडालं, आरतीचं तबक खणखणत पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेलं. त्याच झपाट्यात फरशीला चिकटून उरलेल्या माझ्या ओल्या पिसाऱ्यावरून त्यांचा पाय सटकला आणि त्या हनुवटीवर आपटल्या. उठल्या तेव्हा हनुवटीतून रक्ताची धार गळ्यावर उतरत होती. तशाच त्यांनी गजऱ्यासकट माझा अंबाडा मुठीत धरला आणि मला फरपटत नळाशी नेलं.

“गधडे, डोळा उघड!”

मी डोळा घट्ट मिटला होता. त्यांनी खाडकन कानशिलात मारली, माझी मान गुडघ्याखाली दाबली आणि अंगठ्याने पापणी उलटी करून नळी सोडली. मी लाथा झाडल्या, ओरबाडलं. शेवटी त्यांच्या तळहाताच्या कडेला कडकडून चावले, रक्त येईपर्यंत. हात हलला नाही.

“चाव. रड. रड भरपूर, तेवढंच पाणी. पण उघडा ठेव!”

मालक म्हणत होते, “पुरे झालं, डॉक्टरकडे न्या.” बाई म्हणाल्या, “वाटेत डोळा शिजेल. पाव तास तरी पाणी, मग डॉक्टर. घड्याळ बघा, तेवढं जमेल तुम्हाला.”

डॉक्टरांनी डोळा तपासून सांगितलं, बुबुळावर डाग राहील, पण दृष्टी राहिली. तूप घातलं असतं तर पावडर आत कोंडून बसली असती.

कारखान्यात मात्र निराळीच कुजबुज सुरू झाली. “पूजेला लाथ मारली. त्यांना कुठे आपले देव चालतात!” बाई बौद्ध होत्या, हे इतके दिवस कुणाला आठवलं नव्हतं, ते त्या दिवशी सगळ्यांना एकदम आठवलं. दुसऱ्या दिवशी दसरा, धम्मदीक्षेचा, म्हणजे त्यांच्या घरचा सर्वांत मोठा दिवस. पांढरी साडी नेसून, हनुवटीला टाके आणि हाताला पट्टी अशा त्या दवाखान्यात माझ्या खाटेशी आल्या. मागोमाग मालक, पेढे घेऊन. म्हणाले, “बाई, लोकांच्या भावना दुखावल्यात. माफी मागून टाका, विषय संपला.”

“मागते. आधी तो फॉस्फेटचा मोर कुठल्या देवाचा होता ते सांगा. त्याची मागते.”

माझ्या सासूबाई पायथ्याशी बसल्या होत्या. जन्मभर सोवळं पाळलेली बाई. त्या उठल्या, मालकांच्या हातातले पेढे घेतले आणि पहिला वाघमारे बाईंच्या हातात ठेवला. “दसऱ्याचं तोंड गोड करा. आणि अहो मालक, सुनेचा डोळा आमचा आहे. भावना दुखावून घ्यायच्या की नाही ते आम्ही ठरवू.”

माफीचा विषय तिथेच संपला. माझ्या डोळ्यावरची पट्टी सुटली आणि बाई पुन्हा ‘अहो लेले’वर आल्या. पुढे कारखाना गेला, त्या जागी काचेची इमारत आली. आत मुलं संगणकापुढे बसतात, घातक म्हणावं असं त्यांच्या हाताशी चहाच असतो. बाई कर्वेनगरला राहायला गेल्या. मी जायची. हातावरचे माझ्या दातांचे वण त्या आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत: “हे लेल्यांचे संस्कार.”

त्यांचं शेवटचं दुखणं लांबलं. मुलाने बोलावलं म्हणून गेले, तर उशीवर एवढासा चेहरा, आवाज जेमतेम. खुणेने मला खाली वाकवलं. अंगठ्याने माझी उजवी पापणी वर केली आणि डागाकडे बघत राहिल्या.

“दिसतंय का गं?”

“दिसतंय.”

“मग रडतेस कशाला, मूर्ख?”

“तेवढंच पाणी,” मी म्हटलं.

त्यांनी मारायला हात उचलला. तो माझ्या गालापर्यंत आला आणि तिथेच राहिला. त्याच आठवड्यात बाई गेल्या.

त्यांचे तडाखे मी पुष्कळ खाल्ले, सगळे विसरले. हा शेवटचा लागला नाही, आणि तोच अजून लागतो.