छपराची फेड

कर्जतच्या आमच्या शाळेचं छप्पर एका पावसाळ्यात अर्धं खाली बसलं आणि ते पुन्हा उभं करायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. घाटात रेल्वे आली तेव्हा इंजिनांवर कामाला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चला लागून ही शाळा निघाली. पुढे आसपासच्या शेतकऱ्यांचीही मुलं येऊ लागली. मास्तर मी एकटाच, मूळचा वसईकडचा. मुंबईच्या मोठ्या पाद्र्यांनी कळवलं, की जुने विद्यार्थी शाळेच्या पाठीशी उभे राहिले तर ती चालवू, नाहीतर बंद करू. पुढच्या पावसात ते स्वतः बघायला येणार होते.

रेल्वेत लागलेल्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहून लिहून बोटं दुखली. उत्तर एकाचंच आलं, आणि त्यात त्यानेच भावासाठी माझी शिफारस मागितली होती. मग मी शेलूपासून खालापूरपर्यंत गावं पालथी घातली. सगळीकडे गूळपाणी मिळालं, मास्तर म्हणून पाया पडणं झालं, पदरात काही पडलं नाही. माणसं वाईट नव्हती. त्यांच्याकडे द्यायला भात, आणि ते खळ्यावरच सावकार-बलुतेदारांत वाटून संपलेलं. मला चालण्याचा कंटाळा आला होता, त्याहून हात पसरण्याचा.

शेवटी मार्ग काढला नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याने. पाढे शिकवताना याने मला रडकुंडीला आणलं होतं.

"मास्तर, मागून काय नाय व्हायचं. इर्जिक घाला. पैका नाय, पन हात हायत आमचे."

इर्जिक म्हणजे एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी आपापली अवजारं घेऊन यायचं. मजुरी नाही, संध्याकाळी मटणाचं जेवण. आणि जो जो आला, त्याच्या शेतावर एकेक दिवस राबून फेड करायची. आमच्या चर्चचे पाद्रीबाबा खूश झाले, पण जेवणाचं कळल्यावर अडले. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते, आम्हाला मटण वर्ज्य. आणि बोकडाशिवाय इर्जिक म्हटलं तर कोणी फिरकलं नसतं. अखेर बोकड त्या शेतकऱ्याच्या अंगणात शिजला. एरवीही आमच्या हातचं त्यांना चाललं नसतं. पाद्रीबाबांनी त्या दिवशी नदीच्या बाजूला पाहिलंच नाही.

कारवीच्या काठ्यांचे कूड उभे राहिले, वासे चढले, वर पेंढा बसला. माझे जुने विद्यार्थी छपरावर बसून एकमेकांच्या खोड्या काढत होते. मला भरून आलं.

पाऊस लागला आणि फेड सुरू झाली. पाद्रीबाबांना वाटलं होतं, झालं ते दान झालं. मला ठाऊक होतं, ही फेड चुकवली तर पुन्हा हाकेला कोणी येणार नाही. आज याच्या लावणीला, उद्या त्याच्या. गुडघे चिखलात, कंबर मोडलेली, आणि मी लावलेली रोपं बाया मागून उपटून पुन्हा सरळ लावायच्या. तेवढे दिवस शाळेला कुलूप. छप्पर कोरडं, खाली कोणी नाही. मोठे पाद्री अशा दिवशी आले तर सगळं संपलं, या धास्तीने माझी झोप उडाली.

नदीपलीकडच्या त्या शेतकऱ्याकडे जायची पाळी आली, तेव्हा मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुमी माज्या शेतात जावा, मी तुमच्या शाळंत बसतो."

"तू काय शिकवणार?"

"तुमी शिकवलं त्येच. दुसरं मला कुटं येतंय?"

मोठे पाद्री नेमके त्याच दिवशी आले. मी चिखलात वाकलेला, मला पत्ता नाही. संध्याकाळी पाद्रीबाबांनी सांगितलं, की ते बराच वेळ दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. आत पोरं पाढे म्हणत होती, चुकली की हसत होती, मास्तरही हसत होता. असा मास्तर कुठे मिळाला, असं त्यांनी विचारलं. पाद्रीबाबा म्हणाले, आपल्याच शाळेतला. शाळा चालू ठेवायचं तिथल्या तिथे ठरलं.

मला आनंद झाला. मग पाय धुता धुता आठवून पाहिलं, माझ्या वर्गात पोरं शेवटची कधी हसली होती. आठवेना.

दुसऱ्या दिवशी कोणाचीच फेड नव्हती. तरी मी शाळेची किल्ली त्या शेतकऱ्याच्या हातात दिली आणि त्याच्या शेताकडे निघालो.