जाऊबाईंचा सोऱ्या

नात विमान कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरीला आहे. परवा सोनईला आली, तेव्हा मला सांगत होती, "आजी, आमच्या कंपनीनं दुसरी छोटी विमान कंपनी घेतली. तिच्या विमानांच्या किमतीवर जास्तीचं जे दिलं, ते तिच्या नावासाठी. त्याला गुडविल म्हणतात. दरवर्षी तपासायचं, त्या नावावर तेवढी कमाई होईल का? होणार नसेल तर हिशेबात त्याची किंमत उतरवायची. एकदा उतरवली की पुन्हा चढवता येत नाही."

मी पोट धरून हसले. "अगं, हा उद्योग मी तरुणपणीच करून बसले!"

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या कुरडईचं गावात लई नाव. उन्हाळा लागला की बायका गव्हाचा चीक घेऊन त्यांच्याच ओट्यावर जायच्या. मी इकडं जळून कोळसा! शेवटी माहेरची पितळी परात देऊन मी त्यांचा जुना सोऱ्या घेतला. वाटलं, सोऱ्याबरोबर नावही येईल. काय ती अक्कल! कुरडया माझ्या तुटक्याच पडल्या, अन् बायका पुन्हा त्यांच्याच ओट्यावर. चीक शिजल्याचं जाऊबाईंच्या हाताला कळायचं, सोऱ्याला थोडंच?

"मग तू किंमत उतरवलीस का?"

"छे! तो सोऱ्या अजून रोज घासून ठेवते."

निघताना ती लाडात आली. "आजी, थोड्या कुरडया दे ना. थोरल्या आजीकडून आलेल्या हं."

पोटात पुन्हा पेटलं. मी गुपचूप माझ्याच कुरडयांनी डबा भरला.

"घे, त्यांच्याच हायेत."

रात्री फोन आला. "आजी, थोरल्या आजीच्या हाताला तोड नाही!"